समोरासमोरचे गाळे

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाळ्यात ताडपत्री टांगली तेव्हा मी तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षाला होते. निळी, ट्रकवर टाकतात तसली. गाळ्याचा मागचा अर्धा भाग तिनं झाकून दादांनी सगळ्यांना सांगून टाकलं की मागं भंगार आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लाइनीत एकाही माणसाचा यावर विश्वास बसला नाही. भंगार झाकून कोण ठेवतं? सगळ्यांचं भंगार तर रस्त्यावरच पडलेलं असायचं, आणि कुणाला पत्र्याचा तुकडा लागला की ज्याच्या दारासमोर असेल त्याच्याकडून न विचारता उचलला जायचा.

ती लाइन म्हणजे समोरासमोर पत्र्याचे गाळे आणि मधे टेम्पो जेमतेम वळेल एवढा रस्ता. आमच्या बरोबर समोर शेखचाचांची फाउंड्री, बिडाचं आणि ॲल्युमिनियमचं ओतकाम. त्यांच्या शेजारी बोराडेकाका, पंप दुरुस्त करायचे. आमच्या डाव्या हाताला देवरे, रबराचे वायसर आणि बुश बनवणारे, सटाण्याकडचे. सकाळी भट्टीचा पंखा घुमायला लागला की आमची लेथ सुरू व्हायची, मग देवरेंच्या प्रेसचा धप्प धप्प आवाज. रबर शिजल्याचा वास सगळ्यांच्या डब्यात उतरायचा. आईनं दिलेली मेथीची भाजी आणि देवरेंचं रबर, हा माझ्या तरुणपणाचा वास आहे. कुणाला सांगितला तर ते नाक मुरडतात.

ही सगळी माणसं सातपूरच्या मोठ्या कारखान्यांतून बाहेर पडलेली. कुणी आपणहून सोडलं होतं, कुणाला सोडायला लावलं होतं. एकेक मशीन घेऊन बसले होते आणि प्रत्येकाला एकच काम नीट यायचं. त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी हातात तुटलेला भाग घेऊन रस्ता ओलांडत असायचा. कडुनिंबाखाली चहाची टपरी होती. तिथं खडूनं जमिनीवर चित्रं निघायची, दुसरा कुणी येऊन ती पायानं पुसायचा आणि म्हणायचा, असं नाही, असं कर. संध्याकाळपर्यंत ते चित्र कुणाच्या तरी व्हाइसमध्ये धरलेलं असायचं. कुणाचं डोकं आणि कुणाचे हात, याचा हिशेब कुणी ठेवत नसे. दादा सोडून.

दादा आणि बोराडेकाका एकाच कारखान्यात, एकाच पाळीला, एकाच बसनं जाणारे. गाळेही दोघांनी एकाच दसऱ्याला सुरू केले. पंपाची पाती घासताना ती पक्की धरून ठेवायचा एक साचा दादांना सुचला होता आणि त्यांनी तो टपरीवर बोराडेकाकांना समजावून सांगितला. दादा तो सावकाश, घोटून घोटून बनवत राहिले. बोराडेकाकांनी बनवला, वापरला, आणि दादांच्या साच्यात नसलेली एक सोयही त्यात केली. दादांनी तो पाहिला आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

आई आणि बोराडेकाकूंनी मात्र यात भाग घेतला नाही. दोघी पवननगरला आमच्या गच्चीवर नागलीचे पापड लाटायच्या, वाळवायच्या, वाटून घ्यायच्या. आईनं हुलग्याचं पिठलं केलं की एक डबा बोराडेंकडे जायचा आणि दादांना ते माहीत असायचं. दादांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. मला याचाच राग यायचा. पिठलं जातं, पापड येतात, मग यंत्राबद्दलचं एक वाक्य का जाऊ शकत नाही? हा प्रश्न मी आईला विचारला होता. ती म्हणाली, "पिठल्याला नाव लागत नाही गं कुणाचं."

ताडपत्रीमागं होतं ते द्राक्षबागेत औषध फवारायचं यंत्र. दिंडोरीला माझ्या मामाची, किसनमामाची बाग. त्या वेळी ट्रॅक्टरमागं जोडायचे जे ब्लोअर मिळायचे ते बाहेरून आलेले, दुसऱ्याच कुठल्या बागांसाठी बनवलेले. हवेचा झोत इतका जोराचा की कोवळे शेंडे मोडायचे, आणि पानांच्या खालच्या बाजूला, जिथं रोग बसतो, तिथं औषध पोचायचंच नाही. मामा एकदा जेवताना म्हणाला, "दाजी, आपल्याला हवा मऊ पायजे. पान उलटलं पायजे, फाटलं नाय पायजे." मऊ हवा हे शब्द दादांच्या डोक्यात बसले. महिनाभर घरातला टेबल फॅन ते वेगवेगळ्या कोनांतून आईच्या तुळशीवर सोडून बघत होते.

कल्पना चांगली होती. मी आजही म्हणते, फार चांगली होती. पंखा मोठा, फिरणं सावकाश, आणि बाहेर पडणाऱ्या हवेला पीळ. पण ती लपवण्यात दादांचं जेवढं डोकं गेलं तेवढं बनवण्यात गेलं नसेल. पंख्याचं ओतकाम त्यांनी कोल्हापूरहून मागवलं. समोर, रस्त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर भट्टी पेटलेली, आणि आमचा पंखा कोल्हापूरहून ट्रान्स्पोर्टनं गोणपाटात गुंडाळून येणार. आधी घरी यायचा, मग टेम्पोत घालून गाळ्यात. शेखचाचांनी एकदा गोणपाटाखालची पाती पाहिलीच. ते दादांना म्हणाले, "क्या भाऊ, माझ्या भट्टीला काय झालं?" दादा म्हणाले, "गिऱ्हाइकानं पाठवलंय दुरुस्तीला." शेखचाचा हसले नाहीत. पुढे बरेच दिवस ते आमच्या दारात चहाला थांबले नाहीत.

पहिला पंखा तडकला. कोल्हापूरला कळवून नवा आणेपर्यंत तो हंगाम गेला. दुसरा पंखा गाळ्यात बरा फिरायचा आणि बागेत नेला की थरथरायचा. दादांनी पाती जाड केली, वजन वाढलं, थरथर वाढली. मी कॉलेजातून थेट गाळ्यावर जायचे. आमच्या वर्गात मुली दोनच, आणि वर्कशॉपमधले सर आम्हाला लेथवर उभं करायच्या ऐवजी जर्नल नीट लिहायला सांगायचे. खरं काम मला दिसायचं ते दादांच्या गाळ्यात, म्हणून मी तिथं बोलायचे. "दादा, पंखा तोलून घ्यायला हवा," असं मी किती वेळा म्हटलं असेल. दादा म्हणायचे, "तोललाय मी." तोलला होता, चाकूच्या धारेसारख्या दोन पट्ट्यांवर ठेवून, कुठली बाजू जड होऊन खाली येते ते बघत. फिरवून तोलायचं मशीन साऱ्या लाइनीत एकाकडेच होतं, पंपवाल्याकडे. पुढचं वाक्य मी बोलायचे नाही आणि दादा विचारायचे, "तुझी परीक्षा कधी हाय?"

आता इतक्या वर्षांनी, मागच्या वर्षी, मला कारखानदारांच्या एका सभेला बोलावलं होतं. एकाच भागात एकाच धंद्याची माणसं जवळजवळ बसली की नव्या कल्पना कशा जन्माला येतात, असा विषय. पडद्यावर गोल काढलेले, गोलांना जोडणारे बाण. एक तरुण अधिकारी फार गोड बोलला. ज्ञान हवेतच असतं म्हणाला. मी मागच्या रांगेत बसून ते बाण बघत होते आणि मला दिसत होती ती निळी ताडपत्री. माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली. मी म्हटलं, जवळ बसल्यानं सगळं होत नाही, जवळ बसून माणसं वर्षानुवर्षं तोंड फिरवूनही राहतात. लोकांना तो विनोद वाटला, टाळ्या पडल्या. सभेनंतर आम्हाला सगळ्या कारखानदारांसाठी उभारलेलं एक सामायिक तपासणी केंद्र बघायचं होतं. त्याच्या दाराला कुलूप होतं, कारण विजेची जोडणी अजून यायची होती. आत काचेतून एक नवंकोरं तोलायचं मशीन दिसत होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.

तर, मामाच्या बागेतली ती सकाळ. छाटणीनंतर फुटवे हातभर झाले होते. मामानं उत्साहानं आजूबाजूच्या बागायतदारांना बोलावलं होतं, दादांना न विचारता. दहा-बारा जण बांधावर उभे. दादा ते बघून यंत्राच्या आड जाऊन पुन्हा बोल्ट आवळायला लागले. ट्रॅक्टर सुरू झाला, मागचं यंत्र घुमायला लागलं, आणि काही क्षण खरोखर सगळं जसं हवं तसं झालं. ओळीतली पानं हळूच उलटली, खालची पांढुरकी बाजू वर आली, धुकं त्यावर बसलं. मामानं माझ्याकडे पाहिलं. मग वळणावर चालकानं ट्रॅक्टर थांबवून पुन्हा गती दिली आणि आतून एक कोरडा आवाज आला. पात्याचा तुकडा जाळी फाडून बाहेर पडला आणि मांडवाच्या तारेवर आदळला. तार तुटली. समोरच्या चार वेली एका बाजूला कलंडल्या, नव्या फुटव्यांसकट.

कुणाला लागलं नाही हे नशीब. बांधावरचे लोक पुढे आले, यंत्राभोवती वाकून बघायला लागले. त्यांना खरंच कुतूहल होतं, त्यांना असं यंत्र हवंच होतं. पण दादांनी अंगातला शर्ट काढला आणि फुटलेल्या पंख्यावर टाकला. बनियनवर उभे राहिले. एक म्हातारे बागायतदार म्हणाले, "झाकता कशापायी? चांगलं चाललं व्हतं. जरा कसर हाय." दादांनी शर्टाच्या बाह्या पंख्याखाली खोचल्या. परत येताना टेम्पोत आम्ही दोघं पुढे बसलो होतो. त्या रस्त्यात दादा एकच वाक्य बोलले, "किसनला सांग, तार मी बसवून देतो."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. दादांच्या आधी गाळ्यावर पोचले होते. दादा आले, त्यांनी पंखा सुटा केला, बाकावर ठेवला आणि म्हणाले, "कोल्हापूरला कळवतो. या टायमाला पात जरा पातळ."

मी म्हटलं, "दादा, हा मी समोर घेऊन जाते."

"कुठं समोर?"

"शेखचाचांकडे. आणि तिथून बोराडेकाकांकडे."

"शोभा, ठेव ते खाली."

"तुम्हाला हे बनवायचंय, की फक्त कुणी बघू नये असं करायचंय?" मी विचारलं. "तेवढं सांगा. दुसरं असेल तर मी ठेवते."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. ते हातातली कानस फडक्यानं पुसत राहिले, जी पुसायची काही गरज नव्हती. मी पंखा पुलीसकट उचलला. जड होता, छातीशी धरावा लागला, ओढणी ग्रीसनं भरली. मी रस्ता ओलांडला. दादांनी मला थांबवलं नाही, आणि या गोष्टीसाठी मी त्यांना अर्धी माफी दिली आहे. उरलेली अर्धी अजून दिलेली नाही.

पुढचे दोन तास म्हणजे नुसता गोंधळ. शेखचाचांनी तुटलेली कड उन्हात धरली आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीची आईबहीण काढली, कारण आत बारीक पोकळ्या होत्या. त्यांचं म्हणणं, सगळा दोष ओतकामाचा. बोराडेकाका आले, तुटलेल्या पात्याला तेवढ्याच वजनाचा पत्रा बांधून त्यांनी पंखा आपल्या मशीनवर चढवला. पंखा एकटा बरा फिरला. मी म्हटलं, पुलीसकट फिरवा, बागेत तो पुलीसकट फिरतो. पुली लावली आणि अख्खं मशीन थरथरायला लागलं. बोराडेकाका म्हणाले, "हा बघ तुझ्या बापाचा रोग." त्यांच्या मते सगळा दोष तोलाचा. मग मी तडा दाखवला. पहिल्या पंख्याचा तडा आणि हा, दोन्ही, पंखा दांड्यावर पक्का करणारी लोखंडी चावी बसते त्या खाचेपासून निघाले होते, आणि दोन्ही वेळा ट्रॅक्टरनं एकदम गती घेतल्यावर. म्हणजे झटका थेट पंख्याला बसतोय. देवरे दारातून वाकून बघत होते. ते म्हणाले, "मग मधे रबर घाला ना. एवढं काय शे त्यात?" आणि आपल्या गाळ्यातून पंपासाठी केलेली रबराची एक जाड चकती घेऊन आले. ती बसली नाही. मोठी करावी लागणार होती. मग ती किती मोठी यावर चौघांचं भांडण झालं, त्यात मीही होते, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या हातातून खडू हिसकावून घेताना थांबले नाही.

या सगळ्या वेळात दादा आपल्या शटरमध्ये उभे होते. रस्ता केवढा, सगळं ऐकू येत होतं. शेवटी शेखचाचांनी ओरडून विचारलं, "भाऊ, हवेला पीळ किती दिलाय?" दादांनी तिथूनच उत्तर दिलं. रस्ता ओलांडला नाही, पण उत्तर दिलं.

नवा पंखा शेखचाचांनी ओतला, बोराडेकाकांनी तोलला, मधे देवरेंचं रबर आलं. मामाच्या बागेत ते यंत्र सबंध हंगाम चाललं. मामा पानं उलटून उलटून ओली बाजू दाखवत सुटला होता. आमच्या घरी आईनं पुरणपोळी केली. दादा जेवले आणि म्हणाले, "आता बघा, काय होतंय."

जे होणार होतं ते पुढच्या छाटणीला झालं. मामाच्या शेजारच्या बागेत बोराडेकाकांचं यंत्र उभं राहिलं, पिवळ्या रंगाचं, त्यावर त्यांचं नाव. दादा मला मोटारसायकलवर बसवून दिंडोरीला घेऊन गेले, मुद्दाम, दाखवायला. बांधावरून म्हणाले, "बघितलंस?" मी बघितलं. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि संताप कशाचा ते दादांना सांगता येईना. बोराडेकाकांनी उचललं म्हणून राग होताच. पण ते यंत्र आमच्यापेक्षा बरं होतं, बुटकं, अरुंद ओळीत सहज वळणारं, आणि पात्याचा पीळ टोकाकडे कमी केलेला, म्हणून आवाजही कमी. दादांना ते माझ्याआधी दिसलं होतं. पुढच्या वर्षी दादांच्या यंत्राच्या पात्याचा पीळ टोकाकडे कमी झाला. तेव्हा बोराडेकाकांनी टपरीवर दादांना चोर म्हटलं. शेखचाचा दोघांचे पंखे ओतत होते आणि दोघांसमोर गप्प बसत होते.

डिप्लोमा झाल्यावर मला कारखान्यात कुणी घेईना. मुलाखतीत विचारायचे, पाळीत काम कसं करणार, लग्न कधी. एका ठिकाणी सरळ सांगितलं, बायकांसाठी संडासाची सोय नाही. मी बोराडेकाकांकडे गेले आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. सकाळी मी आणि दादा एकाच मोटारसायकलवरून निघायचो, लाइनीत उतरायचो, ते डावीकडे जायचे, मी उजवीकडे. घरी यंत्राचा विषय बंद झाला. मला वाटायचं, यापेक्षा ते ओरडले असते तर बरं.

एका रविवारी दुपारी जेवताना, बाजरीची भाकरी होती आणि शेंगदाण्याचं कालवण, दादांनी ताटाकडे बघत विचारलं, "तो आता गिअर कुठला वापरतो रे?" मला ते रे म्हणायचे, खुशीत असले की. मला इतका आनंद झाला. मी सगळं सांगितलं, कुठला, का, काय अडचण आली, कशी सोडवली. आई वाढायची थांबली होती. माझं संपल्यावर दादांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे माझं तिकडं सांगत असशील."

आई म्हणाली, "अहो, जेवू द्या तिला."

मी म्हटलं, "हो, सांगते. तुमचं तिकडे सांगते, तिकडचं तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही विचारलं असतं तर. म्हणून तर दोघांची यंत्रं चालतात, दादा. तुम्हाला दोघांना ते कधी कळणार?"

दादा उठले, मोरीत गेले, हात धुवायला लागले. नळ बराच वेळ चालू होता. त्यांची पाठ आमच्याकडे होती. मग ते म्हणाले, "मग त्याला सांग, औषधाची टाकी लय मागं घेतलीय त्यानं. चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतंय. माणूस जायचा एखादा."

सोमवारी मी बोराडेकाकांना सांगितलं. ते खाली बसले, टेप लावला, दोनदा मोजलं. कुणी सांगितलं हे त्यांनी विचारलं नाही. आठवड्याभरात टाकी पुढे आली. आज दिंडोरीपासून वणीपर्यंत कुठल्याही बागेत जा, देशी बनावटीच्या यंत्राची टाकी तिथंच असते, आणि ती तिथं का असते हे कुणाला माहीत नाही. दादा त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं गाळ्यावर गेले आणि बोराडेकाका समोरच होते. दोघं एकमेकांशी एकदाही बोलले नाहीत.